मापवहीशेजारची शुगरची वही

माझ्या मशीनच्या डाव्या अंगाला दोन वह्या असतात. एक मापवही: छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीघेर, पुढचा गळा, मागचा गळा. दुसरी शुगरची. दोन्ही शंभर पानी, आखीव. कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरातल्याच पुढच्या खोलीत मी २६ वर्षं ब्लाऊज शिवते. त्यातली गेली ११ वर्षं मधुमेह सोबतीला आहे.

ही दुसरी वही कशी ठेवायची ते आज लिहिते, कारण दोन प्रकारची माणसं मी रोज बघते. काहींनी शुगर मोजायचं मशीन हौसेनं आणलं आणि आता ते कपाटात साडीच्या घडीखाली पडलंय. काही जण दिवसातून तीनदा बोट टोचतात, आकडा बघतात, घाबरतात आणि विसरून जातात. दोघांच्याही हाती काही लागत नाही. शिवणकामात मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की माप नुसतं घेऊन भागत नाही. कुणाचं, कधी, कशावरून घेतलं ते लिहिलं तरच कात्री लावता येते.

आधी माझं कसं कळलं ते सांगते, त्यात एक कामाची गोष्ट आहे. २०१४ सालची दिवाळी तोंडावर होती. सुईत दोरा ओवता येईना. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासून नवीन चष्मा केला. तीन आठवड्यांत तोही धूसर. मग तहान, रात्री तीन-तीनदा उठणं, आणि शेवटी रक्त तपासलं तर जेवणानंतरची शुगर २८६. डॉक्टरांनी नंतर समजावलं की रक्तात साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी कमीजास्त होतं, ते फुगतं आणि नंबर हलतो. गोळ्या सुरू झाल्यावर महिनाभरात मला जुन्याच चष्म्यातून सुई दिसायला लागली. म्हणून नुकताच मधुमेह निघाला असेल तर शुगर काही आठवडे स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र लगेच करा आणि पुढं दरवर्षी. थेंब घालून तपासतात, त्यानंतर चार-पाच तास नजर धूसर राहते, त्या दिवशी मी कटिंग ठेवत नाही.

बोट टोचायच्या आधी

हात साबणानं धुवायचे आणि कोरडे पुसायचे. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. पेरू नाहीतर आंबा चिरल्यावर बोटावर जो रस राहतो, तेवढ्यानं आकडा खूप वर जाऊ शकतो. मला एकदा २६० दाखवलं होतं, हात धुऊन परत घेतलं तर १३९. हात धुवायची सोयच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा.

बोटाच्या टोकावर टोचायचं नाही, बाजूला टोचायचं. तिथं दुखतं कमी. मी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कधीच टोचत नाही, कारण सुई ढकलायला तीच बोटं लागतात. डाव्या हाताची मधली आणि करंगळीशेजारची, दोन्ही आळीपाळीनं.

ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात त्या पट्ट्यांची डबी उघडी ठेवायची नाही. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की खोक्यातला खडूसुद्धा मऊ होतो. पट्ट्यांनाही ओल लागते आणि आकडा फसवतो. फ्रीजमध्येही ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिथं दव धरतं. डबीवरची शेवटची तारीख बघून ठेवा.

घरच्या मशीनचा आकडा लॅबच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही, जुळायची गरजही नाही. या मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात १०० च्या वर १५ टक्के इकडं-तिकडं चालतं. म्हणजे १६० आणि १७२ यांत फरक आहे असं समजून रडायचं किंवा हसायचं कारण नाही. १६० आणि २२० यांत आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगते. मशीन आणलं की शेजारपाजारच्या बायका येतात, ‘माझी पण बघ की गं’ म्हणतात. टोचायचं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, आतली सुई बदलली तरी नाही. रक्ताचा अंश पेनाच्या तोंडाला राहतो, त्यातून कावीळ ब पसरू शकते. माझ्याकडं कुणी आलंच तर मी त्यांना मेडिकलमधून एकदा वापरून टाकायची सुई आणायला सांगते. वापरलेल्या सुया मी शिलाई मशीनच्या मोडक्या सुयांच्या बाटलीतच टाकते. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची बाटली आहे. घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला आपली सुई लागायला नको.

एका आठवड्याला एकच प्रश्न

पट्ट्या स्वस्त नाहीत. म्हणून मी आठवड्याला सहाच वापरते, पण त्या सहा पट्ट्यांना एकच प्रश्न विचारते. वहीच्या पानावर सगळ्यात वर तो प्रश्न लिहायचा. उदाहरणार्थ, ‘दुपारचा भात सोडला तर किती फरक पडतो?’

खाली पाच रकाने आखा: तारीख, जेवणाआधी, जेवणानंतर, काय खाल्लं, आणि बाकी. ‘बाकी’ला सगळ्यात रुंद जागा द्या. तिथं झोप झाली का, भांडण झालं का, सर्दीताप, पाळी, लग्नसराईची घाई, गोळी वेळेवर की उशिरा, असं सगळं येतं. सुरुवातीला मी हा रकाना आखतच नव्हते. एका मे महिन्यात चार दिवस आकडे २०० च्या वर, जेवण तेच. वहीत काही लिहिलेलं नव्हतं म्हणून मला दोन आठवडे कळलं नाही की दाढ सुजली होती त्याचा तो परिणाम होता. अंगात कुठंही जंतुसंसर्ग असला की शुगर चढते.

जेवणानंतरचे दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. हात धुतल्यापासून नव्हे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भातही बंद, चालणंही सुरू, चहाही बिनसाखरेचा, असं एकदम केलं तर कशानं काय झालं ते कळणारच नाही. ब्लाऊज घट्ट होतो म्हणून शोल्डर, मुंढा आणि टक्स एकाच वेळी सोडले तर चूक कुठं होती हे शिवणारीला कधीच समजत नाही.

माझं त्या पहिल्या प्रश्नाचं पान अजून आहे. दोन चपात्या, वांग्याची भाजी, आमटी आणि वाटीभर भात: २१२. तेच सगळं भाताशिवाय: १७१. तिसऱ्या दिवशी भात खाल्ला, पण जेवून लगेच गल्लीतून पंधरा मिनिटं चालून आले: १८४. त्या तिसऱ्या आकड्यानं माझं मन फार हलकं झालं. भात माझ्या ताटातून कायमचा गेला नव्हता, त्याची किंमत पंधरा मिनिटं चालणं एवढी होती. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हे जेवणानंतर लगेच केलं तर जास्त उपयोगी पडतं. सकाळी रंकाळ्याला तास-तासभर फिरणारे खूप आहेत, चांगलंच आहे ते. पण ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालून बघा आणि वहीत लिहा.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. म्हणूनच वही तुमची हवी.

बहुतेक मोठ्या माणसांसाठी डॉक्टर सांगतात ते लक्ष्य असं असतं: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत. वय झालेल्यांना किंवा गरोदर बाईला वेगळं सांगतात. तुमचं लक्ष्य विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

भाकरीचं वजन

‘चपाती बंद करा, भाकरी खा.’ मधुमेह झाला की हे वाक्य पहिल्याच दिवशी घरात येतं. मीही खायला लागले. आठवड्याच्या शेवटी पान बघितलं तर चपातीचे आकडे १७१, १६६ आणि भाकरीचे १७४, १६८. मला वाईट वाटलं, मग राग आला, मग मी वजनकाटा काढला. माझ्या दोन चपात्यांना मिळून ६० ग्रॅम कणीक लागत होती. माझी एक भाकरी, आत्यांच्या (माझ्या सासूबाईंच्या) हाताची, चांगली परातीएवढी, ९५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची. गहू काय नि ज्वारी काय, १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. भाकरी चांगली आहे, तिच्यात चोथा आहे, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण ती फुकट नाही, मोजूनच खायची. मग मी ६० ग्रॅमची भाकरी थापायला लागले. ती खाऊन आकडा १५० च्या आसपास आला.

आत्या म्हणाल्या, ‘एवढुशी भाकरी? पाखराला घातल्यागत.’ त्यांना वाटलं मी उपाशी राहते. मी त्यांना ताट दाखवलं: आधी वाटीभर कोशिंबीर, मग मुगाची उसळ किंवा अंडं, आणि भाकरी सगळ्यात शेवटी. भाजी-उसळ आधी खाऊन पिठाचं नंतर खाल्लं की शुगर हळू चढते. हा क्रम मी वहीत आठवडाभर तपासला, साधारण २० ते २५ चा फरक पडला.

गुळाबद्दल स्वतंत्र सांगायला पाहिजे, कारण मी गुळाच्या गावात राहते. ‘गूळ चालतो, तो नैसर्गिक असतो’ असं मला पाहुण्यांपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी सांगितलंय. गुळात थोडं लोह आणि क्षार असतात हे खरं, पण बाकी तो बहुतेक साखरच. चहात गूळ घालून मी चार दिवस मोजलं, साखरेच्या चहाइतकाच आकडा. उसाच्या रसाचंही तेच. संक्रांतीला मी एक तिळगूळ घेते, तोंडात घोळवून खाते, आणि त्या जेवणात भात घेत नाही.

पुरणपोळीसाठी माझा हिशेब असा: अर्धी पोळी, तूप, भरपूर कटाची आमटी, भात नाही, जेवून गल्लीला दोन फेऱ्या. गेल्या होळीला १७६. अर्धी पोळी मी ताटात पहिल्यांदाच अर्धी करून घेते. अख्खी घेऊन अर्धी ठेवीन म्हटलं की ती राहत नाही.

उपवासाचा साबुदाणा

आषाढी एकादशीला मी दुप्पट खायची, आपण सगळेच खातो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळं. त्या दिवशी २४१ आलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला. आता मी राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि ताक असं करते.

नवरात्रात आमच्याकडं अंबाबाईचे नऊ दिवस धरतात. तिथं आकड्यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. शुगर खाली ओढणाऱ्या ज्या गोळ्या आहेत, ग्लिमेपिराइडसारख्या, त्या घेऊन पोट रिकामं ठेवलं की शुगर धोकादायक उतरते. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तसंच. म्हणून घटस्थापनेच्या आधी आठवडाभर डॉक्टरांना विचारायचं, ‘मी नऊ दिवस धरणार आहे, गोळ्या कशा घेऊ?’ न विचारता स्वतःच गोळी बंद करायची नाही, आणि न विचारता चालूही ठेवायची नाही. मी दोन वर्षांपासून उठता-बसता धरते, पहिला आणि शेवटचा. माझी भक्ती त्यानं कमी झाली असं मला वाटत नाही.

शुगर उतरते तेव्हा

दिवाळीच्या आधीचा सोमवार. १४ ब्लाऊज द्यायचे होते. सकाळची गोळी घेतली, दीडला जेवायचं ते तीन वाजले. ‘एवढी एक बाही जोडते आणि उठते’ असं चाललं होतं. आधी घाम आला, मग छातीत धडधड, मग हाताला कापरं. मला वाटलं दमले. त्या अवस्थेत मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजपीसवर कात्री चालवली आणि मुंढा दीड इंच जास्त कापला. काय करतेय ते मला समजतच नव्हतं. मुलगी कॉलेजातून आली, तिनं बघितलं आणि बोट टोचलं. ५८.

७० च्या खाली आकडा आला की काय करायचं ते आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे. तीन चमचे साखर अर्धं भांडं पाण्यात ढवळून लगेच प्यायची, किंवा ग्लुकोजची पूड. साधारण १५ ग्रॅम. मग १५ मिनिटं थांबायचं आणि परत मोजायचं. अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आलं की भाकरी-भाजी, पोहे, काहीतरी खरं अन्न. पेढा, चॉकलेट, बर्फी यावेळी देऊ नका. त्यातलं तूप साखर पोचायला उशीर करतं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, गुदमरेल. सरळ दवाखाना.

हे ‘बाकी’च्या रकान्यात लाल पेनानं लिहायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. माझी गोळी त्यानंतर बदलली. मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीशेजारी साखरेची डबी तेव्हापासून आहे. त्या ताईंना मी नवीन कापड आणून ब्लाऊज शिवून दिला.

एक उलटा प्रकारही होतो. रात्री आठला हलकं जेवून झोपले तरी सकाळी १४८ यायचं. मी चोरून काही खाल्लं असं घरातल्यांना वाटायचं. पहाटे शरीर उठायची तयारी करतं तेव्हा यकृत आपणहून साखर सोडतं, त्याचा तो आकडा. तुमचंही तसं होत असेल तर चार-पाच सकाळचे आकडे लिहून डॉक्टरांपुढं ठेवा. स्वतःला दोष देत बसू नका.

टाचणी

शिवणाऱ्या बाईच्या खोलीत टाचण्या सांडतातच. २०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी फरशीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. कुणाला काय लागलं म्हणून मी घरभर विचारत फिरले. टाचणी माझ्याच टाचेत होती, निम्मी आत. मला कळलं नव्हतं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते, ती अशी. ती दुखली नाही याची जी भीती मला वाटली, तेवढी २८६ आकडा ऐकूनही वाटली नव्हती.

त्या दिवसापासून वहीत रोजची एक खूण असते: पाय बघितले. रात्री झोपताना पायाखाली हातआरसा धरून तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. भेग, फोड, लालसर चट्टा, नखाच्या कडेची सूज. कोरड्या टाचेला खोबरेल लावायचं, बेचक्यांत नाही, तिथं ओल राहून चिखल्या होतात. पायावर गरम पाणी घेण्याआधी कोपर बुडवून बघायचं, कारण पायाला चटका कळेलच असं नाही. घरातसुद्धा अनवाणी नाही. मी मशीनवर बसताना मऊ सपाता घालते आणि उठायच्या आधी लोहचुंबक फिरवून टाचण्या गोळा करते.

कोल्हापुरी चपलेबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण ती आमच्या गावची शान आहे. पण नवी कोल्हापुरी चावते आणि ज्याच्या पायाला संवेदना कमी त्याला ते कळत नाही. लग्नाकार्यात तासभर घालायची असेल तर आधी तेल देऊन मऊ केलेली, जुनी घाला, घरी आल्याआल्या पाय बघा. जोतिबाला जाताना मी जाड मोजे घालते, चैत्रात दगडी फरशी तापलेली असते. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. पातळ नायलॉनची तार टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे.

डॉक्टरांकडं जाताना

डॉक्टरांना माझ्यासाठी पाच-सात मिनिटं असतात. अख्खी वही पुढं केली तर ती चाळण्यातच वेळ जातो. म्हणून आदल्या रात्री मी एका पानावर उतरवते: सर्वांत जास्त तीन आकडे आणि त्यांची कारणं, ७० खालचे सगळे, आणि माझे तीन प्रश्न. तिसरा प्रश्न विचारल्याशिवाय मी उठत नाही.

तीन महिन्यांची शुगर म्हणतात त्या एचबीएवनसी तपासणीचा आकडाही वहीत चिकटवा. ७ म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ म्हणजे १८३. अंगात रक्त कमी असलं तर हा आकडा फसवू शकतो. आपल्या बायकांत ते खूप असतं, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत बघायला सांगा. वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ जीवनसत्त्व. माझं कमी निघालं होतं.

पिशवी

शेवटी, हे सगळं बरोबर न्यायला मी शिवते ती पिशवी. बाजारातल्या काळ्या पाऊचमध्ये पडलेली पट्टी दिसत नाही, म्हणून आतलं अस्तर पांढरं घ्या. कापडाचे दोन तुकडे, प्रत्येकी १० बाय ८ इंच, अस्तराचेही तेवढेच, मध्ये पातळ फोम. आत तीन कप्पे: मशीनला ४ इंच रुंद, पट्ट्यांच्या डबीला अडीच, पेनाला दीड. वही आडवी घडी करून मागच्या कप्प्यात. वरच्या तोंडाला चेन.

साखरेच्या पुड्यांचा कप्पा मात्र बाहेरून लावा, आणि त्यावर लाल कापडाची पट्टी, नाव, घरचा नंबर. त्याला चेन लावू नका, वेल्क्रो लावा. हाताला कापरं असताना चेन ओढता येत नाही, मी करून बघितलंय.